काटा खरा की मोसेसे

माझा नवरा लोपेती सुकाणू धरून उभा राहिला की त्याचा एक डोळा समुद्रावर असतो आणि दुसरा इंजिनाच्या तापमानाच्या काट्यावर. समुद्राला तो भीत नाही. काट्याला भितो. त्याच्या वडिलांच्या हातात असताना गावाच्या आधीच्या बोटीचं इंजिन तापून कायमचं जाम झालं, आणि नवी बोट येईपर्यंत आमच्या बेटावरची माणसं दुसऱ्यांच्या बोटीत चोरासारखी अंग आवरून बसायची. म्हातारा त्या दुःखातच गेला. तेव्हापासून या घराण्यात बायबलच्या खालोखाल मान त्या काट्याला. मी वावाउची, दूरच्या दुसऱ्या बेटांवरची. आमच्याकडे लोक इंजिनाचा आवाज ऐकतात, वास घेतात. नवी सून असताना मी हे एकदा बोलून बसले. सासूबाई म्हणाल्या, "मग तुमच्याकडे बोटी नाकानंच चालवत असतील." त्यानंतर या विषयावर मी तोंड मिटलं ते मिटलंच.

आमच्या बोटीचं नाव 'फेतुउआहो', म्हणजे पहाटेचा तारा. बोट गावाची, सुकाणू लोपेतीचं आणि इंजिन मोसेसेचं. मोसेसे म्हणजे अर्धं बोलणार आणि अर्धं गिळणार. मनाला लावून घेणारा, रुसका, पुरुष मुळांचा काव्हा पीत बसतात त्या बैठकीत कुणी थट्टा केली तर उठून जाणारा. पण इंजिनावर तळहात ठेवून बसला की त्याला कुठं काय दुखतंय ते कळायचं, आणि गावातली लहानमोठी सगळी इंजिनं दुरुस्तीला त्याच्याच परसात यायची. त्याचं घर त्यावरच चालायचं. त्याच्याबद्दल दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतं, आणि त्यालाही दुसरं काही नको होतं.

नोमुका बेटावर माझ्या दिराचा, होलाचा, मुलगा वारला. इसिलेली. धट्टाकट्टा, लग्नाचा पोरगा. शनिवारी सकाळी पुरायचं ठरलं. रविवारी आमच्यात खड्डा खणत नाहीत, चूलसुद्धा देवाची परवानगी काढून पेटवतात, आणि सोमवारपर्यंत मयत उन्हात टिकणार नाही. म्हणजे शनिवारच. आम्ही शुक्रवारी दुपारी निघालो. सगळ्यात आधी पोचायला हवी होती ती मेलेआने, माझी मोठी नणंद. आमच्यात आत्याच्या वर कुणी नाही. भावाच्या मुलाचं लग्न असो, मरण असो, आत्या येऊन उशाशी बसली की मग पुढचं सगळं. इसिलेलीच्या उशाशी वन्संनी बसायचं होतं. तिथं दुसरी बाई बसणं म्हणजे होलानं, लोपेतीनं, सगळ्या भावांनी मान खाली घालण्यासारखं होतं.

बोटीत वन्सं मागे, ताडपत्रीच्या सावलीत बायकांमध्ये बसल्या. लोपेती पुढे. बहीण-भावांनी वयात आल्यावर एका खोलीत बसायचं नाही, एकमेकांसमोर हसायचं-खिदळायचं नाही, काही बोलायचं तर तिसऱ्याच्या तोंडून. ही मर्यादा आमच्याकडे आजही सैल झालेली नाही. त्या दोघांमधली तिसरी म्हणजे मी. पंचवीस वर्षं निरोप पोचवून माझी जीभ झिजली आहे.

बेटाभोवतीच्या खडकांच्या आतल्या शांत पाण्यातच काटा नेहमीपेक्षा जरा वर होता. लोपेतीनं काचेवर टिचकी मारली.

"मोसेसे, आज हा वर का चढलाय?"

"माणसं जास्त आहेत," मोसेसे खालून म्हणाला.

खडकांमधली वाट ओलांडून आम्ही मोठ्या पाण्यात शिरलो, लोपेतीनं वेग वाढवला, आणि आमचं बेट मागे बारीक होईस्तोवर काटा लाल पट्ट्यात जाऊन बसला. लोपेतीनं इंजिन बंद केलं. बायका भजन म्हणत होत्या. त्यांचा आवाज एकदम मोठा वाटला, मग त्याही थांबल्या.

मोसेसे वर आला. "बंद का केलंस?"

"हे बघ."

मोसेसेनं काटा बघितला, खाली गेला, बऱ्याच वेळानं परत आला. "इंजिन तापलेलं नाही."

"मग हे काय दिसतंय मला?"

"ते मला ठाऊक नाही. इंजिन थंड करून येणारं पाणी मागून नीट पडत होतं. वाफ नाही, वास नाही. हात लावून बघितला, रोजच्याइतकंच गरम आहे."

"पाण्याच्या पंपातली रबरी चक्री तूच बदललीस ना परवा?"

"बदलली. नीट बदलली."

इंजिन निवायला ठेवलं, पुन्हा चालू केलं. थोडं अंतर गेलो, काटा पुन्हा लालात. पुन्हा बंद. असं होता होता वारा आणि प्रवाह आम्हाला पश्चिमेकडे ओढत होते. जेवढं पुढे जायचो त्याहून जास्त बाजूला जायचो. मोसेसे म्हणाला, "मी इंजिनाच्या पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून दाखवतो. आत उकळत असलं तर माझ्या तोंडावर येईल. येऊ दे. मग तरी पटेल?"

"झाकणाला हात लावलास तर तुला पाण्यात ढकलीन," लोपेती म्हणाला. मला वाटतं त्याला समोर मोसेसे दिसतच नव्हता, त्याचा बाप दिसत होता.

वन्संनी मला खुणेनं बोलावलं. "विका, त्याला विचार, उजाडायच्या आत पोचतो का आपण."

मी पुढे जाऊन विचारलं. नुसता निरोप, त्यात टोमणा नव्हता, राग नव्हता. पण बहिणीचा प्रश्न आणि आपल्याकडे उत्तर नाही, हे लोपेतीला सोसलं नाही. तो वळला तो मोसेसेवर. आणि असा ओरडला की मागच्या टोकापर्यंत प्रत्येकाला शब्दन्‌शब्द ऐकू गेला.

"काटा खोटं बोलतोय की तू? काट्याला काय पडलंय खोटं बोलायला? चक्री तू वाकडी बसवलीस, आणि आता स्वतःची अब्रू झाकायला माझ्या बहिणीला मयताच्या उशापासून लांब ठेवतोयस. खोटारडा आहेस तू. माझ्या बोटीवर पुन्हा पाय ठेवू नकोस."

मोसेसेची बायको लुपे माझ्या शेजारीच बसली होती. तिनं मांडीवरचं पोर उचलून खांद्यावर घेतलं आणि तोंड समुद्राकडे केलं. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मला आवाज कळतो, वास कळतो, आणि त्या दिवशी करपल्याचा वास मलाही आला नव्हता. मी गप्प बसले. मोसेसे पुढच्या टोकाला जाऊन पाठ करून बसला.

रात्रभर तसेच वाहवत गेलो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एका मच्छीमार बोटीनं आम्हाला दोर बांधून ओढत नोमुकाला नेलं. किनाऱ्यावर होला एकटाच उभा होता. "ऊन चढेपर्यंत थांबलो," एवढंच म्हणाला. पुरून झालं होतं; उशाशी कुणी लांबची चुलत बहीण बसली होती. पाद्रींनी तरी किती वेळ थांबायचं? वन्सं थेट कबरीवर गेल्या आणि ताज्या वाळूवर हात ठेवून बसून राहिल्या. रडल्या नाहीत. लोपेती नारळाच्या झाडामागे उभा राहून दुरूनच बघत होता, आणि त्याला तिथं बघून मलाच कुणीतरी चोरी करताना पकडल्यासारखं झालं.

परत आलो तेही दुसऱ्याच्या बोटीमागे, ओढत. आमच्या बेटावर बातमीला पाय फुटावे लागत नाहीत. काव्ह्याच्या बैठकीत मोसेसेला नाव पडलं, 'थंड हात'. ज्यांची इंजिनं त्याच्या परसात पडली होती ते एकेक करून घेऊन गेले, पांगाई शहरात दाखवतो म्हणून. कुणी रागानं नेली नाहीत, उलट फार गोड बोलून नेली. लुपे बाजूनं जाताना मला 'कशी आहेस' विचारायची आणि उत्तराला थांबायची नाही. मोसेसे चर्चमध्येही दिसेना.

इकडे लोपेती इंजिन खोलून बसला. चक्री वाकडी बसवलेली सापडली की त्याच्या जिवाला शांती मिळणार होती. चक्री काढली. नवीकोरी, सरळ, एक पातं मोडलेलं नाही. नळ्या फुंकून बघितल्या. इंजिन तापलं की पाण्याला वाट उघडून देणारा थर्मोस्टॅट काढून घरी आणला आणि माझ्या पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात सोडला. तो शहाण्यासारखा वेळेवर उघडला. मग कुठं त्याला वाटलं, काट्याकडे बघावं. इंजिनात खुपसलेला जो सेन्सर असतो, ज्याला गरमी कळते आणि जो वायरीतून काट्याला सांगतो, त्याची वायर त्यानं सोडवली. काटा धाडकन तळाला. वायर इंजिनाच्या लोखंडाला टेकवली, काटा सरळ वरच्या टोकाला. म्हणजे काटाही धड, वायरही धड. राहता राहिला सेन्सर. तो इंजिनाच्या पार मागे, हात जेमतेम पोचेल अशा जागी.

तबकडी, बॅटरी, वायरी आणि तो सेन्सर असा संसार घेऊन तो माझ्या स्वयंपाकघरात आला. सूरण उकडायला ठेवलं होतं, ते मला उतरवायला लावलं. पातेल्यात साधं पाणी घेतलं, वायरी जोडल्या, सेन्सर पाण्यात लोंबता ठेवला आणि खाली जाळ केला. आम्ही दोघं तबकडीकडे बघत बसलो. काटा हलला, चढायला लागला. पाण्यातून अजून वाफही निघत नव्हती आणि काटा लाल पट्ट्यात शिरला.

मी पाण्यात बोट घातलं. बोट काढलं नाही, सगळा हात घातला. "लोपेती, एवढ्या पाण्यात लेकराला आंघोळ घालतात."

त्यानंही बोट बुडवून बघितलं.

"म्हणजे मोसेसे खरं बोलत होता."

त्यानं सेन्सर पाण्यातून काढला, पुसला, दिव्याजवळ धरला. आमचं इंजिन हिरवं आहे, त्याचा प्रत्येक बोल्ट हिरवा आहे. हा सेन्सर लाल मातीनं माखलेला होता, आट्यांमध्ये माती रुतून बसलेली. "हा आपला नाहीच," लोपेती म्हणाला. आणि मग, काय सांगू, त्याचा चेहरा उजळला. "मोसेसेनंच बदलला असणार. इंजिनाला त्याच्याशिवाय हात कोण लावतो? आपला चांगला काढून विकला असेल."

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, पण ही काडी दुसऱ्याच्या डोळ्यात खुपसून धरलेली होती. मी पातेलं उचललं आणि पाणी त्याच्या पायाशी ओतलं. मुद्दाम. "समुद्रात लाल माती कुठून आली रे?" एवढंच विचारलं.

उत्तर शनिवारी स्वतःच्या पायांनी चालत आलं. वन्संचा मुलगा फेआओ राजधानीहून, नुकुआलोफाहून, परतला. डोळ्यांवर काळा चष्मा, काखेत पावाच्या लाद्या. भाच्याला मामाच्या घरात 'येऊ का' विचारायचं नसतं. मामाचं जे आहे ते भाच्याचंच. डुक्कर, होडी, अंगावरचा शर्ट. भाच्यानं उचललं तर मामानं हसायचं, आणि आम्ही हसत आलोय. एकदा त्यानं माझी शिवणाची मशीन नेली होती, तेव्हाही मी हसले होते. दात दुखेपर्यंत.

"मामी, खायला काय आहे?" म्हणत तो थेट चुलीपाशी आला. मांडणीवरचा सेन्सर दिसला तशी त्याची कळी खुलली. "अरे, हा माझा. काढला का तुम्ही? मी सांगणारच होतो, पण मग बोट सुटायची वेळ झाली. मामा, माझ्या ट्रकचा काटा सारखा लालच दाखवायचा. टेकडीवरनं रताळी आणायची तर धडकी भरायची. म्हटलं, मामाकडे तसलाच आहे, आटे पण सारखे. तुमचा मी नेला, माझा तुम्हाला बसवला. भोक उघडं ठेवून नाही गेलो हं. दुसरा कुणी भाचा असता तर तसाच गेला असता."

लोपेती भिंतीला टेकून बसला होता. "बिघडलेला आहे हे माहीत असताना बसवलास?"

"तुम्हाला काय फरक पडतो? तुमच्याकडे मोसेसे आहे ना. त्याला हात लावून कळतं. काटा काही का दाखवेना, मोसेसे म्हणाला ठीक आहे की ठीक आहे." त्यानं पाव मोडून तोंडात घातला. मग आमच्या चेहऱ्यांकडे बघून चावायचा थांबला. "का? काय झालं?"

त्याला कुणी काही सांगितलं नाही. लोपेती उठून बाहेर गेला, आणि मी पोराला सूरण वाढलं. त्याच्यावर रागवावं तर तो हक्कानं वागलेला, आणि तो हक्क आम्हीच त्याच्या बारशापासून त्याच्या हातात दिलेला. आपलेच दात, आपलेच ओठ. पण चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती, आणि संन्याशाचं घर आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होतं.

"मोसेसेकडे जा," मी लोपेतीला म्हटलं.

"जाईन. पण गावापुढे कसं सांगू? फेआओचं नाव घ्यावं लागेल. फेआओ म्हणजे ती." बहिणीचं नावही त्यानं घेतलं नाही. "आधीच माझ्यामुळे तिची जागा गेली. आता वर तिच्या पोराचं नाव चव्हाट्यावर आणू?"

"मग मोसेसेचं आणलंस ते?"

त्यावर तो म्हणाला, "तुला आमच्यातलं कळायचं नाही." पंचवीस वर्षांनंतर मी पुन्हा वावाउची झाले.

दिवस मावळता तो गेला. मी मागून सूरणांची टोपली आणि काव्ह्याची मुळं घेऊन. समोरच्या दारानं नाही, परसातून, स्वयंपाकघराच्या मागून. मोसेसे नारळ सोलत बसला होता. लोपेतीनं सगळं खरं सांगितलं, काही लपवलं नाही. फेआओचं नावही सांगितलं. शेवटी म्हणाला, "सोमवारपासून ये. इंजिन तुझंच आहे. मी चुकलो."

मोसेसेनं हातातला नारळ पुरा सोलला. मग म्हणाला, "बोटीत किती माणसं होती?"

"का?"

"त्यांच्यातलं इथं कोण आहे?"

लोपेतीनं रिकाम्या परसाकडे बघितलं.

"ओरडलास तेव्हा शेवटच्या बाईला ऐकू गेलं. आता एवढं हळू बोलतोयस की माझ्या कोंबड्यांना ऐकू येत नाही." त्यानं टोपलीकडे बघितलं. "सूरण परत ने. सूरण आहेत आमच्याकडे."

लुपे दारात उभी होती. तिनं टोपली उचलून माझ्या हातात दिली, नीट, दोन्ही हातांनी, पाहुणीला द्यावी तशी. तिनं माझ्या तोंडावर फेकली असती तर बरं झालं असतं. घरी येईपर्यंत ती टोपली मी कुणाला दिसू नये म्हणून पदराआड धरावी तशी अंगाशी दाबून आणली.

सोमवारी सकाळी गावाची बैठक होती. बैठकीला सगळ्यांनी यायचं असतं, न येणाऱ्याला बोलणी बसतात. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. मोसेसेही आला, सगळ्यात मागे बसला. रस्ता, डुकरांची कुंपणं वगैरे झाल्यावर लोपेती उभा राहिला. मला वाटलं, आता सांगेल, आता मोकळा होईल.

"बोटीचं सांगायचं होतं," तो म्हणाला. "इंजिन ठीक आहे. काटा चुकीचं दाखवत होता. एक भाग बिघडला होता. यात कुणाचाच दोष नव्हता."

आणि खाली बसला.

कुणीतरी म्हातारा हसत म्हणाला, "कुणाचाच नव्हता, तर मोसेसेला खोटारडा कोण म्हणालं होतं? काटा?" लोक हसले. लोपेतीही हसला. त्या हसण्यानं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मागे वळून मोसेसेकडे बघायचं धाडस केलं नाही.

तेवढ्यात फेआओ उभा राहिला. एव्हाना त्याला कुणाकडून तरी कळलं होतं, पण सगळं नसावं. "मामा, 'एक भाग बिघडला' काय म्हणता? तो भाग मी बदलला ना. तुम्हाला सांगितलं मी शनिवारी. मोसेसेला कशाला बोल लावला मग?"

खाली किनाऱ्यावर खेळणाऱ्या पोरांचा आवाज बैठकीत ऐकू आला. शनिवारी. म्हणजे लोपेतीला सगळं ठाऊक होतं, आणि ठाऊक असून तो आत्ता उभा राहून 'कुणाचाच दोष नव्हता' म्हणाला होता. फेआओला ते बोलल्यावर कळलं. तो हळूच खाली बसला, आणि बघितलं ते त्यानं मामाकडे नाही, आईकडे.

मेलेआने वन्सं बायकांच्या पहिल्या रांगेत होत्या. त्या उठल्या, कुणाकडेही न बघता, पाठ ताठ ठेवून बाहेर गेल्या. त्यांच्यासाठी रस्ता करायला बायकांनी पाय आखडून घेतले.

मंगळवारी सकाळी लुपेची धाकटी जाऊ धावत माझ्या दारात आली. "विका, चल. चल लवकर. मेलेआने आमच्या दारात बसलीय."

मी गेले, लोपेती माझ्या मागून. मोसेसेच्या घरापुढे, झाडलेल्या अंगणात, वन्सं जमिनीवर बसल्या होत्या. अंगाला जुनी फाटकी चटई गुंडाळलेली, गळ्यात चेस्टनटच्या हिरव्या पानांची माळ. ही माळ आमच्यात हौसेनं घालत नाहीत. जिवावरचा गुन्हा घडला की माणूस ती घालून राजापुढे, सरदारापुढे जमिनीवर बसतो, मारा किंवा माफ करा म्हणून. मी ती आजवर एकदाच पाहिली होती, तीही लहानपणी. आणि इथं गावातली सगळ्यात मानाची बाई ती घालून इंजिनवाल्याच्या दारात बसली होती, मान इतकी खाली की केस मातीला लागत होते. फेआओ तिच्या मागे गुडघ्यांवर होता. त्याचा काळा चष्मा कुठं दिसत नव्हता.

रस्त्यावर माणसं जमली होती. बोटीत जी जी होती, जवळजवळ ती सगळी.

मोसेसे दारातून बाहेर आला आणि तिथंच थिजला. "हे काय करताय? उठा. उठा तुम्ही. मला पाप लावू नका."

"माझ्या मुलानं तुझं नाव घालवलं," वन्सं म्हणाल्या. मान वर केली नाही, पण आवाज मोठा होता, मुद्दाम मोठा. "आणि माझा मान राखायचा म्हणून ते कुणी परत दिलं नाही. माझ्या नावाखाली तुझं नाव पुरलं गेलं. असला मान मला नको. मोसेसे खरं बोलत होता. सगळ्यांनी ऐका."

लोपेती माझ्या शेजारी रस्त्यावर उभा होता. त्याच्या तोंडून कसलासा आवाज निघाला. बहीण मातीत बसलेली, आणि त्याला तिच्याजवळ जाता येत नव्हतं. तिला उठवता येत नव्हतं, तिच्या शेजारी बसता येत नव्हतं, 'हे माझं काम होतं' एवढंही तिला म्हणता येत नव्हतं. जिथं ती बसली होती तिथं शनिवारी दिवसाउजेडी त्याला बसता आलं असतं. ती जागा आता भरली होती.

तो रस्त्यातच खाली बसला. आधी गुडघ्यांवर, मग कपाळ मातीला टेकवून. "मोसेसे खरं बोलत होता," तो म्हणाला. पहिल्यांदा घोगरं, कुणाला कळलं नाही. मग पुन्हा, बोटीत ओरडला होता तेवढ्या मोठ्यानं. "मोसेसे खरं बोलत होता. मी खोटारडा. मला माहीत झाल्यावरही मी खोटं बोललो."

मोसेसे त्याच्याकडे बघत राहिला. मग खाली वाकला, वन्संच्या गळ्यातली माळ त्यानं दोन्ही हातांनी काढली, त्यांना उठवलं, आणि घरात नेऊन चांगल्या चटईवर बसवलं. लुपेनं फेआओच्या दंडाला धरून त्यालाही आत घेतलं. परत बाहेर येऊन मोसेसे दारात थांबला.

"ऐकू आलं," तो लोपेतीला म्हणाला.

उठ म्हणाला नाही. आत गेला.

लोक हळूहळू पांगले. जाताना कुणी लोपेतीला ओलांडून गेलं नाही, सगळे बाजूनं वळसा घालून गेले. ऊन चढत होतं. तो कपाळ टेकवून तसाच होता, आणि आतून कपबशांचा आवाज येत होता. मला त्याचा इतका राग आला होता की घरी निघून जावं, दार लावून घ्यावं असं वाटत होतं. पण त्याच्या बहिणीला त्याच्याजवळ यायची बंदी, भाच्याची यायची छाती नाही, आणि मोसेसेनं यावं अशी आशा करायला आम्हाला तोंड नव्हतं. गावात त्याच्या शेजारी बसू शकेल अशी मी एकटीच होते. मी झगा आवरला आणि त्याच्या शेजारी धुळीत बसले.